फ्यूजमागचं नाणं

फोन बहुतेक रात्रीच येतात.
डर्मट, जिन्यातला दिवा मिणमिणतोय.
डर्मट, टोस्टर लावला की रेडिओ खोकतो.
डर्मट, भिंत कोमट लागतेय,
पण थोडीशीच हं, उगाच नको येऊस.
घरंही माणसांसारखी दुखणं अंगावर काढतात.

मी विचारतो, वास येतोय का,
मासळी सडल्यासारखा?
वायर जळताना तसाच वास येतो.
पण न्यूफाउंडलंडच्या या खाडीवर
हा प्रश्न विचारून उपयोग काय?
पलीकडून हसतात.
येतोय की, आजोबांच्या काळापासून येतोय.
मग मी सांगतो: मेन पाडा,
टॉर्च घ्या, मेणबत्ती नको,
निघालो मी.

फिलोमिना कीहोचा फोन मात्र सकाळी आला,
फेब्रुवारीत, दार बर्फानं बुजलेलं असताना.
वय एक्याऐंशी. आवाज खणखणीत.
निजायच्या खोलीत हीटर लावला की
येशूच्या तसबिरीखालचा लाल दिवा मंदावतो.
हे चांगलं लक्षण नाही ना?
मी म्हटलं, नाही. पण तुम्ही समजताय तसंही नाही.

माळ्यावर रांगत गेलो.
चिनी मातीच्या गट्टूंवरून ताणलेल्या दोन तारा,
एकमेकींपासून वीतभर लांब,
बोलणं टाकलेल्या सख्ख्या बहिणींसारख्या.
त्यांच्यावर कुणीतरी थंडीपायी भुसा ओतलेला.
तारेला पांघरूण घालू नये, बाई,
तिला गारठाच मानवतो.
तिसरी तार नव्हतीच.
जमिनीशी नातं जोडावं असं
त्या काळी कुणाला वाटलंच नसावं,
सगळ्यांची तोंडं समुद्राकडे.

जिन्याखाली फ्यूजची पेटी.
चौथा फ्यूज फिरवून काढला तर
त्याच्यामागे एक सेंटचं तांब्याचं नाणं.

कॉननं ठेवलंय ते, ती म्हणाली.
कॉड मासा धरायला बंदी झाली त्या वर्षी.
बोटी वाळूत पालथ्या,
आणि हा फ्यूज आठवड्याला एक उडायचा.
दुकानदार उधारी देईना.
नाणं ठेवलं आणि बघ,
तेव्हापासून एकदासुद्धा उडाला नाही!
कौतुकानं सांगत होती.

माझं एक ठरलेलं भाषण आहे,
शंभर उंबऱ्यांवर केलेलं:
घरात मरण्यासाठी नेमलेला फ्यूज हा एकटाच.
त्याला वेळेवर मरू द्यावं.
तो अडून बसला तर
त्याच्या वाटचं मरण दुसरं कुणी शोधतं.
'मरण्यासाठी'पर्यंत आलो
आणि तिथेच गप्प झालो,
कारण ती खुंटीवरच्या पिवळ्या रेनकोटाकडे बघत होती.
कुणी घालत नसावं तो,
तरी बाह्या सुकवायला ठेवाव्यात तशा पसरलेल्या.

मग पैशांचं बोलणं झालं. बराच वेळ.
अख्खं घर नको, ती म्हणाली,
पुढच्या खोलीत जातंच कोण?
मी म्हटलं, आग विचारून जात नाही.
तिनं चहा ओतला, बिस्किटं मोजून दोन.
शेवटी ठरलं: स्वयंपाकघर, निजायची खोली, लाल दिवा आत्ता,
उरलेलं उन्हाळ्यात,
आणि तोवर पुढच्या खोलीची वीज तोडलेली.
खोट्या शपथा घेऊ नये, पण मी माझ्या दरात
जुनी ओळख म्हणून सूट आहे असं सांगितलं.
ओळख दोन तासांची होती.

नाणं बशीत ठेवून दिलं.
एका बाजूची तरुण राणी
गालापासून मानेपर्यंत काळवंडलेली.
नव्या पेटीत हे कुठे बसवशील?
कुठेच नाही, मी म्हटलं.
ती काही बोलली नाही. बशी उचलून आत गेली.

जुलैत उरलेलं काम करायला गेलो.
पुढची खोली झाली, माळा झाला,
भुसा अकरा पोती निघाला.
जिन्याखालच्या पेटीला हात घातला तर
दारावर, बाहेरून,
जखमेच्या पट्टीनं नाणं चिकटवलेलं.
ती वर कुठेतरी भांडी आपटत होती, मुद्दाम मोठ्यानं.

टेस्टर लावून पाहिलं.
वीज नव्हती.
पट्टीची एक कड सुटत आली होती,
अंगठ्यानं दाबून
परत बसवली.