एका वेळी एकच बाजू

पुंता अरेनासचा वारा शटरच्या फटीतून शिरतो,
डबीतले नट किणकिणतात.
"दोन्ही चाकं एकदम उघडायची नाहीत," ओविदिओ म्हणाला,
"अडलीस की पलीकडं जाऊन बघायचं.
फक्त तिकडं सगळं आरशातलं असतं."

ड्रम निघेना. गंजानं गच्च धरलेला.
कडेकडेनं हातोडी, मग पुन्हा हातोडी,
आईनं वरून विचारलं काय मोडलं,
आणि तो सुटला.
आत बाबांचं सगळं थांबणं, काळी भुकटी होऊन.

मी फुंकर घालणार, तर त्यानं हात आडवा धरला.
"ओलं फडकं घे. ही धूळ छातीत बसते."

शू रिबिटांपर्यंत झिजलेले.
"हँडब्रेक अर्धा ओढूनच चालवायचं कुणीतरी."
कुणीतरी.
मी स्प्रिंग पक्कडीत धरली, जरा जास्तच जोरात,
आणि ती उडाली वॉशिंग मशीनमागं.

दोघं पोटावर, टॉर्च एक.
आधी सापडला एक मोजा,
त्याचा नव्हे, माझाही नव्हे.
त्यानं तो झटकला, घडी घातली, फळीवर ठेवला.
मग स्प्रिंग.

दातेरी चाक एकेक दात पुढं.
"ड्रम फिरव. ऐक."
"घासतोय."
"किती?"
"जरासा."
"तेवढा घासायलाच हवा. नवे आहेत, बसतील हळूहळू."

मग तो स्टुलावर बसला, माते ओढत,
पाना माझ्याकडं सरकवला.
दुसरं चाक मी उघडलं.
अडले तेव्हा त्याला विचारलं नाही,
अलीकडं येऊन बघितलं.