इब्रीची जन्मवही

झवान बिंत हमद हिच्या नावापुढे
माझ्या अक्षरातल्या पाच नोंदी.
आधीची सहा घरीच झाली, खजुरीच्या चटईवर,
त्यांना वही नव्हती.
अकरातली आठ जगली. उरलेल्या तिघांची नावंही
ती घेते जेवायला बसताना,
ताट सारून जागा करून द्यावी तशी.

तेव्हा एक वही अडीच महिन्यांत भरायची.
मी रात्रपाळीत रेघा मारून ठेवायची,
सकाळी पान कमीच पडायचं.

मग मस्कतहून पत्रक आलं. शब्द होता मुबाअदा.
म्हणजे अंतर.
किती मुलं, ते विचारायचं नाही, डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
दोन बाळांमध्ये दोन-तीन वर्षं जाऊ देत, एवढंच सांगायचं.

मला आई आठवली.
जत तालुक्यातली नर्सबाई, टार्गेटवाली.
तिची सायकल बांधावर दिसली
की बाप्ये ज्वारीत शिरायचे.
शाळेच्या भिंतीवर लाल त्रिकोण, खाली हसणारं चौकोनी कुटुंब,
आणि आई कंदिलाशी आकडे जुळवत पुटपुटायची:
दोन कमी, अजून दोन कमी.
ती पुढे कधी कुणाच्या बारशाला गेली नाही.
कुणी बोलावलंच नाही.

इथे कुणी लपलं नाही.
झवानने गोळ्यांची पट्टी उन्हात धरून पाहिली,
मला कॉफी ओतली, म्हणाली,
"नवऱ्याला मी सांगेन. शेळ्या विकल्या जाऊ देत आधी."
शेळ्या विकल्या. तिने सांगितलं. तो म्हणाला, बरं.

आपल्याकडे म्हणतात पाळणा लांबवणे.
मी ते माझ्या मोडक्या अरबीत समजवायला गेले,
तिला वाटलं दोरी लांब बांधायची.
"मग तर जास्तच झुलेल की!"
हसून हसून माझ्या हातातला कप कलंडला.

तिच्या लेकीला चार.
नात रीम फार्मसीत असते; तिला एक,
दुसऱ्याचं बघू, गाडीचे हप्ते फिटल्यावर.
वही आता वर्षभर पुरते.
गेल्या महिन्यात प्रसूतीच्या चार खाटा
डायलिसिसला दिल्या, चाकं करकरत गेल्या.
त्यातल्याच एकीवर झवान असते, आठवड्यातून तीनदा.
खाट ओळखीची आहे म्हणते.

काल रीमने विचारलं, "सिस्टर, तुम्हाला किती?"
"एक."
"एवढ्यावर थांबायला कुणी सांगितलं?"

कुणीच नाही.
नवरा शारजात, मी इब्रीत,
मुलगी मिरजेला वन्संकडे.
वर्षाला तीस दिवसांची सुट्टी, त्यातले चार प्रवासात.
पहिला दात आला त्याचा फोन आला होता,
लाईन खराब होती, मला वाटलं ताप आलाय.

मी हे एवढं सगळं बोलले नाही,
म्हटलं, व्हिसा असा होता.
झवानचे डोळे मिटलेले. झोपली असेल वाटलं.
"कुमूद," ती म्हणाली,
"तू दोरी फारच लांब बांधलीस."

मशीन फिरत होतं.
मी खाली येऊन वहीत तारीख घातली,
दुपारचे तीन,
पट्टी घेतली, एकच रेघ मारली.