टक्

रेगेबाईंच्या डाव्या कोपराला काळा पट्टा आहे.
हात वाकला की तो म्हणतो, टक्.

सड्यावर, जांभ्यावर अंथरलेल्या विकतच्या हिरवळीवर
सकाळपासून टक्, टक्,
आणि चेंडू काजूंच्या झाडीत.
मी पिशवी खाली ठेवतो, करवंदीत हात घालतो.
“दिसला का रे, निवृत्ती?”
दिसला.
मला पगार दिसण्याचाच आहे.

काल बाई गेल्या, पट्टा पिशवीत राहिला.
उद्या देईन म्हणून खिशात घातला
आणि उतरलो केळूसच्या खाडीवर.

आबा मांडीभर पाण्यात, खांद्यावर पाग.
होडी ओढताना मोडलेलं त्यांचं डावं कोपर
पुन्हा सरळ असं झालंच नाही.
“ह्या काय बांधतस?”
“हात वाकलो काय बोलता.”
“बोलांदे.”

दातांत शिशाची एक गोळी धरून
आबा कमरेतून वळले.
टक्.
पुन्हा वळले. टक्.
दर खेपेला जाळं मात्र
हवेत उघडलं भाकरीसारखं गोल,
कडा एकाच वेळी पाण्याला टेकली,
जरासुद्धा मागंपुढं नाही.
सहा शेवटे, एक खेकडा.
“तुज्या बाईक सांग,” आबा म्हणाले,
“आवाजाक मासो बुजता.”

रात्री पट्टा गोड्या पाण्यानं दोनदा धुतला,
चुलीपाशी वाळवला.

आज बाईंनी तो नाकाशी नेला.
“याला वास कसला येतोय?”
मी दांड्याची माती पुसत राहिलो.
त्यांनी पाय रोवले, श्वास घेतला.

टक्.

निघालो काजूंकडे.