चालु

पहिल्याच आठवड्यात मी एक स्टड तोडला.
हैदराबाद रोड, वजनकाट्याच्या पलीकडचं टायरचं दुकान,
एप्रिल, दुपारचे दोन, पत्र्याखाली पाना हातात धरवत नव्हता.
मी करमाळ्याचा. नवा. अंगात रग.
पान्याला पाइप जोडून वर उभा राहिलो
तसे नरसय्या उस्ताद मागून ओरडले, "चालु!"
मी म्हटलं, चालू. चालूच की.
दिला आणखी एक हिसका.

कट्.

नट पान्यात, नटात स्टडचा तुकडा,
तुटलेली जागा चांदीसारखी, दाणेदार.
"तेलुगूत चालु म्हणजे पुरे, लका."
शिवी नाही, काही नाही. चहा सांगितला.
"कमी घट्ट केलेलं दिसतं तरी.
जास्त घट्ट केलेलं आत तुटत राहतं, गपचूप."

बत्तीस वर्षं ते लूमवर जॉबर होते.
धोट्याच्या खटखटीत दोन्ही कान गेले.
ताण्यावर बोटाची पाठ फिरवून सांगायचे,
हा ढिला आहे, हा संध्याकाळी तुटणार.
लूम भंगारात गेले. बोट राहिलं.

तरी नट मोजायला त्यांनी बोट कधी वापरलं नाही.
लाल डबीतून टॉर्कचा पाना काढायचे,
बाळंतिणीचं पोर उचलावं तसा.
मूठ फिरवून आकडा एकशे दहावर.
आधी आटे तारेच्या ब्रशने साफ; तेल नाही, थेंबसुद्धा नाही.
नट हाताने बसवायचे, मग समोरासमोर,
शेजाऱ्याला शेजारी कधीच नाही.
जॅक उतरवायचा, टायर जमिनीला टेकू द्यायचं,
आणि मग सावकाश, सावकाश

खट्.

मला ऐकू यायचं. त्यांना मनगटात यायचं,
माझ्या आधी.

"हाताचा भरवसा धरू नकोस बे. मी धरला होता."
मोहोळजवळ, डाळिंबाचा टेम्पो.
डावं पुढचं चाक निघालं आणि
टेम्पोला मागे टाकून एकटंच पुढे गेलं,
चढ चढून चहाच्या टपरीपाशी जाऊन आडवं झालं.
"ड्रायव्हरच्या आधी चहाला!"
हे सांगताना ते दर वेळी हसायचे
आणि दर वेळी हसू मध्येच सोडून
उगाच फडकं शोधायला लागायचे.
डाळिंबंच फुटली होती, म्हणायचे. डाळिंबंच.

प्रत्येक गिऱ्हाइकाला मी सांगतो,
पन्नास-साठ किलोमीटर झाले की परत या,
नट एकदा बघू. पैसे नाहीत.
सगळे मान हलवतात.
कोणी येत नाही.

परवा एक बाई आली. सुवर्णा मेरगू,
अक्कलकोटला दवाखान्यात रक्त तपासते, रोज जाऊन येऊन.
सकाळी टायर बदललं, संध्याकाळी सहाला दारात.
"ऐंशी झाले," म्हणाली. "तुम्ही या म्हणाला होता."
म्हणाला होता! मला क्षणभर काय करावं सुचेना.
डबी काढली. हात पुसले. पुन्हा पुसले.

पहिला, खट्.
तिसरा, खट्.
दुसरा, खट्.
चौथा मात्र वाजायच्या आधी
जरासा फिरला. केसभर. नखाच्या कडेएवढा.
ऐंशी किलोमीटर हे एवढंसं
तिच्या पायाखाली फिरत होतं.
मग, खट्.

"आणखी एकदा आवळा ना," ती म्हणाली, "मनाच्या समाधानासाठी."
"चालु," मी म्हणालो.
ती थांबली. माझ्याकडे नीट बघितलं,
करमाळ्याच्या तोंडाकडे.
"कोणी शिकवलं?"
मी आतल्या खुर्चीकडे हात केला.
खुर्चीवर आता जुन्या ट्यूब ठेवतो आम्ही.

ती गेली. इंडिकेटर देऊन, हळू.
मी पान्याची मूठ उलटी फिरवत शून्याच्या जवळ आणली.
स्प्रिंगला ताणून ठेवायचं नाही रात्रभर,
तिलाही झोप लागते.