संच क्रमांक चार

झाकण काढलं तर आत
शेजारच्या राइस मिलचा कोंडा,
पालीची दोन अंडी, फुटून रिकामी,
आणि मदरबोर्डावरून आपल्या कामाला निघालेली
एक मुंगी.
कोंडा मी ब्रशनं झाडला.
मुंगीला जाऊ दिलं.

शाळेच्या लिलावात नऊशेला घेतलेला हा कॉम्प्युटर.
मॉनिटरच्या पाठीवर अजून पांढरा रंग:
जि. प. उच्च प्राथमिक, संच क्र. ४.
चालू होतो. दम लागल्यासारखा, पण होतो.
फक्त आवाज नाही.

आणि बुधवारी वडशाच्या नाटकवाल्यांना द्यायचं आहे
दुसऱ्या अंकातलं कुत्र्याचं भुंकणं,
तिसऱ्यातली वीज,
शेवटी रेल्वेची शिट्टी,
सगळं कापून, जोडून, मोजून.
मुक्या डब्यावर वीज कापायची कशी?

डिव्हाइस मॅनेजर उघडलं
तर साउंडच्या नावावर पिवळा त्रिकोण,
पोटात काळं उद्गारचिन्ह,
जसं काही मीच वेडंवाकडं बोलले.

'काहून थांबला व?' बाबा खाटेवरून.
'ड्रायव्हर सापडत नाही.'
ब्रह्मपुरी डेपोत एकतीस वर्षं स्टेअरिंग धरलेला माणूस
उठूनच बसला.
'डायवर नाई मनजे? कुटी गेला?'

म्हटलं, तसा नाही बाबा,
आतलं कार्ड एक बोलतं, विंडोज दुसरं समजतं,
मधे एक लागतो, याचं त्याला सांगणारा.
'मंग कंडक्टर मन ना!'
आणि पुन्हा आडवे झाले.

काढून टाकलं. रीस्टार्ट.
टाकलं. रीस्टार्ट.
मोबाईल खिडकीच्या गजाला बांधला, तिथंच रेंज येते,
त्याच्या नेटवर एक्क्याण्णव टक्के उतरलं
आणि लाइन गेली.
मिलचा पट्टा थांबला, गाव एकदम मोठं वाटलं.

लाइन आल्यावर पुन्हा पहिल्यापासून.
नवीन ड्रायव्हर, त्याहून नवीन, सगळ्यात नवीन.
प्रत्येकजण म्हणाला, काम यशस्वी झालं.
प्रत्येकाच्या मागून तीच शांतता.

'नवा नोको देऊ तिले,' अंधारातून बाबा,
'भरतीतला पोरगा जुन्या गाडीवर बसला
का नाल्याच्या चढावर क्लच जाळते.
तिचा आंधीचा डायवर पाय कोन होता तं.
त्याले मालूम रायते, कुटी दाबाचं, कुटी सोडाचं.'

मी काही बोलले नाही.
सकाळी गेडाम सरांकडं गेले.
त्यांनी कपाट उघडलं, नकाशे बाजूला केले,
खडूच्या खोक्यात सीड्या, भुकटीनं पांढऱ्या झालेल्या:
परसबाग. पाढे. बालगीते भाग दोन.
आणि एकीवर स्केचपेननं, कुणाच्या तरी सुबक हातानं,
'संच ४ साउंड. टाकून देऊ नये.'

कोण होता हा हात?
सर म्हणाले, असेल कुणी, बदली झाली असेल.

ट्रे उघडेना. सेफ्टी पिन खुपसली.
सीडी ओढणीनं पुसली, आतून बाहेर, गोल नाही.
घर्र. घर्र. मग एकदम गप्प,
मग खाली कोपऱ्यात स्पीकरचं चित्र
इवलंसं, लाल फुलीशिवाय.

तक्रार नाही, पण नोंद करते:
आवाज फक्त उजव्या बाजूनं येतो.
यादीत अजून एक पिवळा त्रिकोण आहे,
नाव नाही, काम माहीत नाही.
त्याला मी हात लावलेला नाही.

रात्री दीडला शिट्टी लावून पाहिली.
खाटेवर बाबांचा उजवा पाय
चादरीखाली हळूच दाबला गेला,
'फाटक लागलं का?'
म्हणाले झोपेतच,
आणि गाडी उभी केली.