गेलाची गाडी

तिच्या मुलाचं नाव गेला.
त्याला मी काय करू, आमच्या त्किबुलीत
दर चौथ्या घरात एक गेला असतो.
हा गेला पोलंडला गेला, ट्रक चालवायला,
आणि जाताना बिल्डिंगमागच्या अंगणात लावलेल्या ओपेलचा हँडब्रेक
मुठीत जोर होता तेवढा ओढून गेला.

तीन हिवाळे गाडी तशीच.
टपावर अक्रोडाची पानं, मग बर्फ, मग परत पानं.
एप्रिलमध्ये नाझिब्रोला बाईंनी किल्ली फिरवली.
इंजिन खोकत का होईना, उठलं.
गाडी जागची हलेना.
आणखी रेटलं तर मागचं चाक न फिरताच घसरलं
आणि असं किंचाळलं
की समोरच्या गॅलऱ्यांत तीन बायका आल्या.

मी मेकॅनिक. खालच्या पत्र्याच्या गॅरेजांतलं सातवं माझं.
मला भौतिकशास्त्रात नापास केलं ते ह्याच बाईंनी,
दोनदा.
म्हटलं, बाई, ठेवा, दुपारभराचं काम आहे.
म्हणाल्या, "तू करू नकोस. सांग."

सांगितलं. पुढच्या चाकांना विटा लावा.
नट ढिले करा ते चाक जमिनीवर असतानाच.
जॅकवर भरवसा नाही, खाली स्टँड हवा.
हँडब्रेक सोडा.
सोडला, पण आत कोणी ऐकत नव्हतं.
मग हातोडी. ड्रमच्या कडेनं, गोल, बेतानं.
बाईंनी ठोकलं ते फळ्यावर डस्टर आपटायच्या तसं, तीनदा,
आणि मी नकळत सरळ उभा राहिलो.

पंधरा-वीस मिनिटांनी ड्रम निघाला.
आत लालसर भुकटी. फुंकू नका, छातीत जाते,
ओल्या फडक्यानं टिपा.
शू गंजून ड्रमला चिकटले होते,
सिलिंडरचं रबर फाटून तेल पाझरलं होतं.
"हे कोणी केलं?"
कोणी नाही, बाई. धरून ठेवलं की होतं.

नवा सिलिंडर बसवला की आतली हवा काढावी लागते,
आणि त्याला दोन माणसं लागतात.
मी सीटवर, पाय ब्रेकवर.
बाई खाली पुठ्ठ्यावर, पासष्टाव्या वर्षी,
हातात नऊचा पाना,
नळीचं टोक काकडीच्या लोणच्याच्या रिकाम्या बरणीत.
"दाब."
दाबला.
"धर."
धरला.
पाना फिरला, ब्रेक पायाखालून खचत गेला,
बरणीत बुडबुडे.
"धर म्हटलं ना, मिंदिया! मी सांगेपर्यंत सोडायचा नाही."
पाना बंद.
"सोड."

सतरा वेळा.
मग बुडबुडे थांबले आणि गाडीखालून
वर्गातला आवाज आला,
"बंद द्रवावर दिलेला दाब कुठे जातो?"
मी एकोणचाळीस वर्षांचा, दोन मुलांचा बाप.
तळपायाला ब्रेक दगडासारखा लागत होता.
"सगळीकडे," मी म्हटलं. "सारखाच."
खाली बराच वेळ काही नाही.
मग,
"एकतीस वर्षं शिकवलं. आत्ता दिसलं."

संध्याकाळी घाट उतरलो. बाई चालवत होत्या,
शेजारी बसून माझा पाय उगाच पत्रा दाबत होता.
तिसऱ्या वळणावर गाय.
आमच्याकडे रस्ता गायीचा असतो.
बाईंनी ब्रेक दाबला. गाडी थांबली
एवढी गुपचूप, की गायीनं मानही वर केली नाही.
हॉर्न वाजवू का?
"राहू दे. जायचं तेव्हा जाईल."

अंगणात परतल्यावर मी हँडब्रेककडे हात नेला.
त्यांनी मनगटावर चापट मारली,
गाडी गिअरमध्ये ठेवली,
उतरून चाकामागे एक वीट सरकवली.

फोन वाजत होता, पोलंडचा.
नखांतलं काळं ग्रीस बघत त्यांनी उचलला.
"काही नाही रे," म्हणाल्या,
"बागेत होते."