आतलं झाकण

राजारामपुरीत, पहिल्या मजल्यावर,
चपला जिन्यात काढायला लावणारं घड्याळांचं दुकान.
"सेकंडहँड नाही म्हणायचं काका. प्री-ओन्ड."
बरं बाबा, प्री-ओन्ड.
आमच्या उद्यमनगरात एकच शब्द आहे, वापरलेलं.
लेथ वापरलेलं, ड्रिल वापरलेलं,
साठीनंतर मालकसुद्धा.

श्रेणिक पांढरे हातमोजे चढवतो,
गुजरीत नथी मांडतात तशी
मखमलीवर एकेक घड्याळ मांडतो.
मी चष्मा कपाळावर सारून
खिशातलं भिंग डोळ्यात बसवतो.
छत्तीस वर्षं मायक्रोमीटरवर झिजलेला डोळा हा,
दोन शतांशाचं खोटंही त्याला खुपतं.

हे ट्यूडर? डायल पुन्हा रंगवलीय.
सहाच्या खालचं एक अक्षर लंगडतंय बघ.
ह्याच्या कडा पॉलिश करून करून
न्हाणीतल्या साबणासारख्या गोल झाल्यात.
आणि ह्याचे काटे दुसऱ्याचे.
आकड्यांवरचं रेडियम पिकून पिवळं,
काट्यांवरचं अजून कोवळं हिरवं,
एका घरातली वाटत नाहीत.

"नाद खुळा डोळा आहे काका!"
डोळ्याचं काय नाही रे, नादच खुळा.
बायको म्हणते, मनगटं दोन, घड्याळं एकोणीस,
आणि जेवायला एकदासुद्धा वेळेवर नाही.

मग त्यानं आतल्या कपाटातनं ते काढलं.
ओमेगा. चौसष्ट सालचं.
डायल मधे सपाट, कडेला बारा कोनांत उतरती,
परात उपडी घातल्यासारखी.
"सिंगापूरच्या एका डॉक्टरांचं.
फक्त लग्नकार्यात घातलेलं. ऊन माहीत नाही याला."

चारच्या बाजूला, पट्ट्याच्या कानावर,
बारीक खाच.
बिडाची तापली चीप उडून बसलेली,
दोन हजार आठच्या श्रावणात, सव्वासहाला.
वेळ आठवते, कारण हात झटकून
पहिल्यांदा मी वेळच बघितली होती.

भिंग काढलं नाही मी डोळ्यावरनं.
भिंगामागं डोळ्याचं काय झालं
ते समोरच्याला दिसत नाही, एवढं बरं असतं.

त्याच्या पुढच्या वर्षी भट्ट्या थंड.
पुण्याच्या ऑर्डरी थांबल्या, अकरा माणसांचा बोनस डोक्यावर,
दिवाळीला दहा दिवस.
स्टँडसमोरच्या लॉजवर मुंबईचा एकजण उतरला होता,
त्यानं नोटा मोजल्या, मी पट्टा सोडला.
मनगटावरचा पांढरा वण रापायला
पुढचा उन्हाळा लागला.

"झाकण उघडून बघायचं."
"मग दस्तगीरभाईंना बोलवतो."
दस्तगीर मणेर. महाद्वार रोडला चाळीस वर्षं टेबल टाकलेलं,
आता इथं पगारावर.
चावी लावली, झाकण फिरवलं,
आत बघितलं. माझ्याकडं बघितलं. परत आत.

मुंगीच्या पायांनी लिहिल्यासारखं, सुईनं कोरलेलं:
द. म. १२-३-०६.
सिंगापूरचे डॉक्टर
सर्व्हिसिंगला महाद्वार रोडवर येत असले पाहिजेत.

"मशीन चांगलंय," दस्तगीरभाई म्हणाले,
"चांगल्या हातातनं आलंय."
बाकी काही नाही.

किंमत, मी विकलं त्याच्या सहापट.
रीतीप्रमाणं उठलो, जिन्यापर्यंत गेलो,
एक चप्पल पायात घातलीसुद्धा.
पाच हजार सुटले.
श्रेणिकनं पावतीवर लिहिलं, मालक क्रमांक दोन.
मी दुरुस्त केलं नाही.
एवढ्या उमद्या डॉक्टरला
एका सहीनं कशाला मारा?

तो कार्डाचं यंत्र आणायला आत गेला.
दस्तगीरभाईंनी झाकण अजून लावलं नव्हतं.
सुई हातात, आवाज खाली:
"आजची तारीख घालू?"

"जागा आहे?"

त्यांनी झाकण उजेडाकडं कललं.
"एका ओळीची आहे."